काचेवरचे किडे

९ तारीख, सोमवार

उजवा हात कोपरापर्यंत माशांच्या टँकमध्ये आणि डाव्या हातात बॅटरी, अशा अवस्थेत असताना मागून सासरेबुवांनी विचारलं, आत काही पडलं का. मी म्हणालो, काही नाही, झाड हललंय. खोटं बोललो. काचेच्या आतल्या बाजूला किडे होते. पांढरे, दोऱ्यासारखे, नखाच्या रुंदीएवढे लांब. सात मोजले आणि बॅटरी विझवली, कारण ते खाटेवर उठून बसायला लागले होते.

हे लिहून ठेवतो. कधी सुरू झालं असं पुढे कोणी विचारलं तर सांगता यावं. प्रयोगशाळेत आम्ही असंच करतो. तारीख, नमुना, काय दिसलं.

सासरेबुवा एक तारखेपासून आमच्याकडे आहेत. सासूबाई गेल्यावर दीड वर्ष एकटे राहिले, मग ओल्या पायरीवरून घसरले. हाड वाचलं, पाय अजून दुखतो. ही जाऊन त्यांना घेऊन आली. ते आले ते अट घालून: महिनाभर बघतो, तीस तारखेला सांगतो, तोवर मी पाहुणा. ही त्यांची एकुलती एक. ते परत गेले तर रोज संध्याकाळी त्यांचा फोन लागेपर्यंत ही उभी राहणार, बसणार नाही. दीड वर्ष ते मी पाहिलं आहे.

एका वसतिगृहात ते एकेचाळीस वर्षं मुख्य आचारी होते. अन्नात केस सापडला तर अख्खं पातेलं ओतून देणारा माणूस. त्यांची खाट हॉलमध्ये टँकला लागून आहे. दुसरी जागाच नाही. आपल्या उशीपासून वीतभर अंतरावर किडे आहेत हे त्यांना कळलं तर ते तीस तारखेची वाट बघणार नाहीत.

तेव्हा किडे घालवायचे. त्यांना कळू न देता. हातात एकवीस दिवस.

१० तारीख, मंगळवार

कामावरून येताना माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारीण गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून टाक्या धूत होती. तिने हात न थांबवता तीन प्रश्न विचारले. डोकं कसं आहे. डोळे आहेत का. पोहतो की सरकतो.

तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन जाती. एक चपटी, त्रिकोणी डोक्याची, दोन डोळ्यांची, काचेवरून तेलासारखी सरकणारी. ती वाईट, माशांची अंडी आणि पिल्लं खाते. दुसरी साधी, दोऱ्यासारखी, वळवळत पोहणारी, गाळात राहणारी. तिचा त्रास कोणालाच नाही. एक बाटलीत घालून आणा, मग बोलू, असं ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की बाटलीची गरज नाही, अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या पोटातले जंत ओळखतो आहे.

"बरं. मग हे कोणाच्या पोटातले?" ती म्हणाली.

घरी येऊन भिंग लावून काचेतून पाहिलं. डोकं त्रिकोणी. एका किड्याचा एक डोळाही स्पष्ट दिसला. दुसरा पलीकडच्या बाजूला असणार. जात पहिली.

१२ तारीख, गुरुवार

एकोणीस.

दुकानदारीण म्हणाली होती की जात कुठलीही असो, खाणं कमी करा. संध्याकाळचं बंद केलं. सकाळी फक्त एक चिमूट. चहाच्या वेळी मी सहज म्हणून सांगितलं की यापुढे मासे एकदाच जेवतील. सासरेबुवांनी कप खाली ठेवला. त्यांनी काय गुन्हा केला, असं विचारलं. मी म्हणालो, त्यांच्या तब्येतीसाठी. त्यांनी कप दूर सारला. मग हिच्याकडे बघून म्हणाले की नापास झालेल्या पोरांनाही मी दोन वेळा वाढत होतो.

हिने विषय बदलला. ही शाळेत शिकवते. विषय बदलण्यात तरबेज आहे.

१३ तारीख, शुक्रवार

सव्वीस.

१५ तारीख, रविवार

ही त्यांना पाय दाखवायला घेऊन गेली. ती दोन तास येणार नव्हती. तेवढ्यात खडी उपसायला घेतली. रुंद तोंडाची नळी खडीत खुपसायची, दुसरं टोक बादलीत, एकदा तोंडाने ओढायचं. गाळ पाण्याबरोबर निघून येतो आणि खडी मागे राहते. यात तोंड वेळेवर काढणं महत्त्वाचं. आज नाही जमलं.

दोन बादल्या गाळ निघाला. नऊ वर्षांत एवढा कधी निघाला नव्हता. गाळात बारीक पिवळी रवाळ भुकटी होती, कोणीतरी चाळून टाकल्यासारखी. खाद्याचा डबा उघडून पाहिला. खाद्य लाल आहे. कंपनीने काहीतरी भेसळ सुरू केलेली दिसते. भुकटी कागदाच्या पुडीत ठेवली आहे.

घरातली अंडी पुन्हा संपली आहेत. डझन आणून तीनच दिवस झाले. सासरेबुवांना डॉक्टरांनी अंड्यातलं पिवळं बंद केलंय. ते अंडी स्वतः उकडतात, त्यांना दुसऱ्याचं उकडलेलं पटत नाही. बशीत पिवळ्याचा कणही उरलेला दिसत नाही. ही खात असावी. हिला वजनाबद्दल कसं सांगावं ते कळत नाही.

१७ तारीख, मंगळवार

चाळीसनंतर मोजणं सोडलं. माशांना भूक नाही, किडे वाढतायत. हे उलट आहे.

दुकानदारिणीकडून औषध आणलं. कुत्र्यांच्या जंतांचं औषध आहे, पांढरी पावडर. द्यायला ती तयार नव्हती. किडा दाखवा मग देते, म्हणाली. मी पुन्हा अठ्ठावीस वर्षं सांगितली. तिने सुस्कारा टाकून डबी दिली आणि बजावलं की याने गोगलगाई मरतात, आधी त्या काढा. किती घालायचं विचारलं तर म्हणाली, चिमटीच्या अर्धं. मी चिमटीत काम करत नाही. शनिवारी प्रयोगशाळेतल्या काट्यावर मोजून घेईन.

१८ तारीख, बुधवार

चारही गोगलगाई स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा मोरीखाली ठेवला. ही तो डाळीचा समजून उघडणार नाही अशी आशा आहे.

किडे आता लांबूनही दिसायला लागलेत. टँकवर जुनी चादर टाकली. सासरेबुवांनी विचारलं, झाकलं का. मी म्हणालो, माशांना विश्रांती हवी आहे.

"झाकून ठेवतात ते उरलेलं," ते म्हणाले.

संध्याकाळभर ते चादरीकडे तोंड करून बसले होते. वर्तमानपत्र दिलं, घेतलं नाही. रेडिओ लावला, त्यांनी तो हळू केला, मग आणखी हळू केला, मग बंद.

१९ तारीख, गुरुवार

सकाळी चादरीचं एक टोक नीट घडी घालून वर ठेवलेलं होतं आणि काठ ओला होता. वाऱ्याने उडालं असेल. घडी मात्र वाऱ्याला जमणारी नव्हती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सासरेबुवा त्यांच्या जुन्या शेजाऱ्याशी फोनवर बोलत होते. घराच्या खिडक्या उघडून ठेव, पाण्याची टाकी घासून घे, तीस तारखेनंतर कधीही येईन. ही आत एकच पातेलं दुसऱ्यांदा घासत होती.

ते फिरायला बाहेर पडले तेव्हा ही बाहेर आली.

"अहो, ती चादर काढा."

मी तिला किड्यांचं सांगितलं. पहिल्यापासून, आकड्यांसकट.

"किड्यांचं मला माहीत आहे. बाबांकडे बघा जरा."

मी म्हणालो, हे सगळं त्यांच्यासाठीच तर चाललंय. तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं ती दुसऱ्याची वही उतरवून आणलेल्या मुलाकडे पाहत असणार. चादर काढली.

२१ तारीख, शनिवार

प्रयोगशाळेत काम कमी होतं. काट्यावर औषध मोजत होतो तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण रिपोर्टवर सही त्यांची. हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, नमुना कुठे आहे.

नमुना नव्हता.

"नमुन्याशिवाय रिपोर्ट," त्या म्हणाल्या. "आणि तोही तुम्ही."

जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो. दहा मिनिटांचा रस्ता आहे. सासरेबुवा स्वयंपाकघरात होते, गॅसवर काहीतरी उकळत होतं. मला पाहून ते दचकले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मीही दचकलो, कारण माझ्या हातात बाटली होती. दोघांनीही काही विचारलं नाही. मी काचेवरचा एक किडा ड्रॉपरने ओढून घेतला आणि निघालो.

स्लाइडवर घेतला. भिंग आणि घरचा दिवा वेगळं, मायक्रोस्कोप वेगळा. डोकं त्रिकोणी नाही. डोळे नाहीत. अंगावर वळ्या, वळीवळीतून बारीक राठ केस. दुसरी जात. गाळातला, निरुपद्रवी. दुसरी स्लाइड केली, तिसरी केली. तेच. तो सरळ तरी कुठे सरकत होता, वळवळतच होता. मीच त्याला सरकायला लावलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नळीतून पाहिलं. साप साप म्हणून भुई धोपटली की तुम्ही, एवढंच म्हणाल्या. दुपारी रक्ताचे नमुने देताना त्यांनी प्रत्येक नळीवरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावलं.

औषध डबीत परत भरलं. घरी येऊन गोगलगाई पाण्यात सोडल्या. तीन लगेच चालू लागल्या. चौथी रात्री जेवणं होईपर्यंत शंखातच रुसून होती.

२२ तारीख, रविवार

औषध परत द्यायला दुकानात गेलो. दुकानदारीण "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाली नाही. तिने नुसती डबी घेतली आणि फडताळात ठेवली, पण फार सावकाश ठेवली.

मग स्टूल पुढे सरकवून मला बसवलं आणि समजावलं. हे किडे आजार नव्हेत, हे उष्ट्यावर जगतात. जेवढं अन्न खाली पडेल तेवढे ते वाढतात. अन्न थांबवा, ते आपोआप कमी होतात, उरलेले मासेच खातात. मी म्हणालो, दहा दिवस झाले, दिवसाला एकच चिमूट टाकतोय.

"मग तुमच्या घरात कोणीतरी दानशूर आहे," ती म्हणाली.

२४ तारीख, मंगळवार

खाद्याच्या डब्यावर आतून पेन्सिलने रेघ मारली होती. पातळी हललेली नाही. म्हणजे डब्यातून कोणी घेत नाही.

काच किड्यांनी पांढरी दिसते. आज सकाळी माझी चिमूट टाकली तर माशांनी तोंडात घेऊन थुंकली. पोटं गोल आहेत. बारा दिवसांच्या उपाशी प्राण्याने थुंकणं मला पटत नाही.

आणखी सहा दिवस.

२५ तारीख, बुधवार

हिला सरळ विचारलं. टँकमध्ये तू काही टाकतेस का.

"मी नाही टाकत," ही म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि जो टाकतो त्याला तुम्ही काही म्हणायचं नाही."

म्हणजे कोणीतरी टाकतं हे तिला मान्य आहे. पुढचं विचारणार तेवढ्यात तिने तपासायच्या वह्या काढल्या आणि लाल पेनाचं टोपण उघडलं. लाल पेन उघडं असताना हिच्याशी बोलत नाहीत.

कोण असेल यावर बराच विचार केला. दुपारी घरात कोणीच नसतं. फक्त सासरेबुवा असतात. त्यांनी कोणाला येताना पाहिलं का ते विचारायला हवं.

२६ तारीख, गुरुवार

प्रयोगशाळेत दुपारी वीज गेली, यंत्रं बंद, सुट्टी दिली. बाराच्या सुमारास घरी आलो. दार लोटलेलं होतं. बूट काढून हातात घेतले, कारण सासरेबुवा झोपले असतील असं वाटलं.

ते झोपले नव्हते. टँकसमोर स्टुलावर बसले होते. डाव्या हातात चहाची गाळणी, गाळणीत अंड्याचा पिवळा बलक. उजव्या हाताने ते चमच्याच्या पाठीने बलक गाळणीवर घासत होते आणि गाळणी पाण्यात हलकेच बुडवत होते. पाण्यात पिवळा ढग पसरायचा. मासे त्यात शिरायचे.

"सावकाश. सगळ्यांना आहे," ते म्हणत होते. "रेक्टर, मागे सरा, तुमचं झालंय. ए मिशीवाल्या, तू खाली काय बसलास, लाजतोस कोणाला. वर ये."

लांब शेपटीचा गप्पी म्हणजे रेक्टर. तळाशी राहणारे दोघे मिशीवाले. बाकीच्यांनाही नावं होती. एकाला ते परीक्षेचा निकाल विचारत होते. सव्वीस दिवसांत ते माझ्याशी एवढी वाक्यं बोलले नाहीत.

मी बूट हातात घेऊन मागे मागे सरकलो, जिन्यात बूट घातले आणि अर्धा तास गल्लीत फिरलो. परत आलो तेव्हा दाराशी मोठ्याने खाकरलो. गाळणी धुऊन जागेवर होती. ते वर्तमानपत्र वाचत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुडीतली पिवळी भुकटी फेकून दिली.

२७ तारीख, शुक्रवार

हिला तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे. अंडी तीच आणते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही त्यांना ग्रॅममध्ये समजावलं असतं.

खरं आहे.

पेच असा आहे. त्यांना थांबवलं तर या घरात त्यांनी आपण होऊन उचललेलं एकमेव काम जातं आणि तीस तारखेला काय उत्तर येईल ते मला दिसतंय. नाही थांबवलं तर पाणी सडेल. किडे निरुपद्रवी आहेत, सडकं पाणी नाही.

हिचं म्हणणं पडलं की तीसपर्यंत असंच राहू द्या. तीनच दिवस. मी हो म्हणालो. पाण्याला थोडा आंबूस वास येत होता, तरी हो म्हणालो.

२८ तारीख, शनिवार

सकाळी सहाला उठलो तर अकराच्या अकरा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून होते. भराभर तोंड उघडत होते, मिटत होते. मिशीवालेसुद्धा वर. टँकपाशी सासरेबुवा गाळणी घेऊन उभे.

"बघा, पहाटेपासून मागतायत," ते म्हणाले. आज ते लपवत नव्हते. घाईने बलक चुरत होते.

मी त्यांचा हात धरला. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यांचा हात मी कधी धरला नव्हता.

"बाबा, ते मागत नाहीयेत. त्यांना श्वास पुरत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं आणि गाळणी स्टुलावर ठेवली. मी सांगितलं की पाणी खराब झालंय, अर्धं आत्ता बदलायला हवं. का खराब झालं ते सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. नळी त्यांनी धरली, बादल्या मी आणि हिने वाहिल्या. नवं पाणी एकदम ओतायचं नसतं. ते त्यांनी तांब्याने, हात पाण्याला लावून, थेंबही न उडवता घातलं. तासाभराने एकेक मासा खाली जायला लागला. रेक्टर सगळ्यात शेवटी गेला. कोणी मेलं नाही.

मग त्यांनी हात पुसले, खाटेखालून बॅग ओढली आणि तिच्यात शर्ट घालायला सुरुवात केली. ही दारात उभी होती.

"एकेचाळीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलं नव्हतं," ते म्हणाले. बॅगेला सांगितल्यासारखं.

मला समजूत घालता येत नाही. नमुना आला की मी प्रश्न विचारतो, तेवढंच येतं. मी विचारलं, वसतिगृहात रोज किती करायचं ते कसं ठरायचं.

ते म्हणाले, कारकून सकाळी सातला पाटीवर आकडा लिहायचा. आज एकशे ब्याऐंशी. आज एकशे साठ, तिसऱ्या वर्षाची मुलं गावी. त्या आकड्यावर ते करायचे, भांड्यात कधी काही उरलं नाही आणि कोणी उपाशी उठलं नाही. पाटी कोरी असेल त्या दिवशी ते चूल पेटवत नसत. कारकुनाला झोपेतून उठवून आणवत.

"आणि इथे?"

"इथे मला आकडा कोणी सांगितलाच नाही."

मी म्हणालो, अकरा. वरचे नऊ, तळाचे दोन.

त्यांचा हात बॅगेवर थांबला. "पोट केवढं?"

"ज्याच्या त्याच्या डोळ्याएवढं."

ते उठून टँकपाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि रेक्टरच्या डोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. रेक्टरही पाहत होता.

"म्हणजे मी रोज शंभर जणांचं वाढत होतो," ते म्हणाले आणि नाकातून हसले. ही पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की काय ते दिसलं नाही.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना काचेवरचे किडे दाखवले आणि म्हणालो, हे तुमच्यापासून लपवत होतो.

"हे होय? पहिल्याच आठवड्यात बघितले. एकेचाळीस वर्षं पीठ चाळलंय मी, जावईबापू. म्हटलं, तुम्हाला कळलं तर किळस येईल, म्हणून बोललो नाही."

बॅग तशीच उघडी आहे. तीन शर्ट आत, दोन बाहेर.

२९ तारीख, रविवार

हिने शाळेतून काल पाटी आणली आहे. आज सकाळी सातला टँकशेजारच्या खिळ्याला टांगली आणि तिच्यावर ११ असा आकडा लिहिला, पहिलीच्या मुलांना लिहून देते तसा मोठा, गोलाईत. सासरेबुवांनी आकडा वाचला, मासे मोजले, मग कामाला लागले. अंड्याचा बलक त्यांनी सुईच्या टोकाने उचलला. डोळ्याएवढा. अकरा वेळा. प्रत्येकाला हाक मारून. माझं लाल खाद्य त्यांनी चाखून पाहिलं आणि अळणी आहे म्हणाले.

दुपारी मला कामाला लावलं. नळी कुठे खुपसायची ते ते काठीने दाखवतात, मी खुपसतो. कोपरा राहिला. तिथे नाही, झाडाच्या मागे. एवढ्या वर्षांत तुम्ही फिल्टरच्या खाली कधी पाहिलंत का. नव्हतं पाहिलं. तिथून अर्धी बादली गाळ निघाला. गाळात किडे होते, ते त्यांनी स्वतः मोरीत ओतले आणि मोरी दोनदा धुवून घेतली, माझ्याकडून.

संध्याकाळी मी डबा हातात घेतला तर त्यांनी अडवलं. रविवारी रात्री मेस बंद असते. दुकानदारीणही आठवड्यातून एक दिवस उपास सांगते, पण तिने तसं सांगितल्याचं मी त्यांना बोललो नाही. त्यांना ते आधीपासूनच माहीत होतं.

काचेवर अठ्ठेचाळीस.

३० तारीख, सोमवार

ही शाळेतून तासभर लवकर आली. मीही लवकर आलो. दोघांनीही एकमेकांना कारण विचारलं नाही.

सासरेबुवा टँकसमोर होते. एक गप्पी किड्याचं टोक धरून ओढत होता आणि दुसरा त्याच्याकडून ते हिसकावत होता. सासरेबुवा निकाल देत होते. काचेवर तीस. त्यातले दोन मी मोजेपर्यंत गेले.

जेवायला बसलो. हिने त्यांना तीनदा वाढू का विचारलं, तीनदा ते नको म्हणाले. मग त्यांनीच सुरुवात केली. बुधवारी अर्धं पाणी बदलायचं. आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवा, नळाचं ताजं पाणी चालणार नाही. माशांच्या दुकानातल्या बाईंना एकदा बघायचं आहे, तुम्ही सांगता त्यावरून त्या माणसं ओळखतात असं दिसतं. मिशीवाल्यांना वेगळं पथ्य लागेल, त्याचं बघतो पुढच्या आठवड्यात.

"पुढच्या आठवड्यात?" ही म्हणाली.

"मग लगेच कसं होईल," ते म्हणाले. "आधी हे रुळू देत."

ही उठून पाणी आणायला गेली. तांब्या टेबलावर भरलेलाच होता.

तीस तारखेचा विषय निघालाच नाही. मी काढणार होतो, पण हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चुकून असावा. उद्या विचारतो.

१ तारीख, मंगळवार

सकाळी सासरेबुवांनी विचारलं की इथे जवळपास न्हावी कुठे आहे. मी गल्लीच्या टोकाचं दुकान दाखवलं. केस कापून, दाढी करून ते नऊला परत आले. न्हावी बरा आहे, हात हलका आहे म्हणाले. दर दुसऱ्या मंगळवारी येत जाईन, सकाळची पहिली खुर्ची माझी, असं त्याला सांगून आले.